२० महिने शाळेत गेलेल्या माणसानं दाताच्या मुळांचा नकाशा काढला

दाढ ठणकायला लागली की आपल्याकडं घरगुती इलाजांची यादी ठरलेली असते. लवंग धरून बघ, मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर, मेडिकलमधून एखादी गोळी आण. दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या रात्री झोप उडते आणि सकाळी सकाळी आपण डेंटिस्टच्या खुर्चीत असतो. पुण्यात तर सदाशिव पेठेपासून सिंहगड रोडपर्यंत कुठंही राहत असाल, दातांचा दवाखाना शोधायला लांब जावं लागत नाही.

डॉक्टर एक्स-रे काढतात आणि सांगतात की कीड नसेपर्यंत गेलीय, रूट कॅनॉल करावं लागेल. बहुतेक वेळा ते होतं, दाढेवर कॅप बसते आणि आपण विसरून जातो. पण कधीकधी वर्ष-दोन वर्षांनी तीच दाढ पुन्हा दुखायला लागते. पुन्हा एक्स-रे निघतो आणि यावेळी कळतं की मुळाच्या आत आणखी एक नळी होती, ती साफ करायची राहून गेली.

आता साहजिकच प्रश्न पडतो. नळी राहून जातेच कशी? आणि दाताच्या मुळात, हाडाच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या या नळ्या डॉक्टरांना सापडतात तरी कशा?

तर डॉक्टरांच्या डोक्यात एक नकाशा असतो. कुठल्या दाताला मुळं किती, नळ्या किती, त्यांची लांबी किती, त्या वळतात कुठं, याचा नकाशा. तो नीट मांडून पुढच्या पिढ्यांना शिकवणाऱ्या लोकांमध्ये सर्वात मोठं नाव आहे ग्रीन वार्डिमन ब्लॅक. जगभरचे डेंटिस्ट त्यांना जी. व्ही. ब्लॅक म्हणून ओळखतात आणि आधुनिक दंतवैद्यकाचे जनक मानतात. गंमत म्हणजे दंतवैद्यकाच्या कॉलेजात हा माणूस विद्यार्थी म्हणून कधी गेलाच नाही.

आधी दाताचं मूळ समजून घेऊ

आरशात दिसतो तो दात म्हणजे फक्त वरचा भाग. त्याहून लांब भाग हिरडीखाली, जबड्याच्या हाडात रुतलेला असतो. ते मूळ. पटाशीच्या दाताला साधारण एक मूळ असतं, खालच्या दाढेला दोन आणि वरच्या दाढेला तीन.

दात भरीव नसतो. त्याच्या मधोमध एक पोकळी असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या, चेतातंतू यांनी भरलेला मऊ भाग असतो. त्याला म्हणतात पल्प. आपण बोलताना ज्याला दाताची नस म्हणतो, ती हीच. ही पोकळी खाली प्रत्येक मुळात शिरते, निमुळती होत जाते आणि मुळाच्या टोकाशी बारीक छिद्रातून बाहेर पडते. मुळातली ही नळी म्हणजेच रूट कॅनॉल. म्हणजे रूट कॅनॉल हे उपचाराचं नाव नाहीच, ते शरीरातल्या एका जागेचं नाव आहे. उपचाराला आपण तेच नाव चिकटवलं, एवढंच.

कीड पल्पपर्यंत पोचली की पल्प सुजतो. हाताला सूज आली तर कातडी ताणली जाते. दातात मात्र चारी बाजूंनी कडक भिंती असतात, सुजायला जागाच नसते. म्हणून तो जीवघेणा ठणका. पुढं पल्प मरतो, ठणका थांबतो आणि माणसाला वाटतं आपण बरे झालो. पण जंतू नळीतून खाली सरकत मुळाच्या टोकाबाहेर हाडात जातात आणि तिथं पू धरतो.

रूट कॅनॉल उपचारात दाताला वरून भोक पाडून पल्प काढतात, बारीक फाइल घालून नळ्या साफ करतात, जंतुनाशकानं धुतात आणि गटापर्चा नावाचा झाडाच्या चिकापासून बनणारा पदार्थ भरून नळी बंद करतात. मग वर कॅप. यश मुख्यतः दोन प्रश्नांवर ठरतं. सगळ्या नळ्या सापडल्या का? आणि त्या टोकाशेजारपर्यंत साफ झाल्या का?

इथं ब्लॅक यांची गोष्ट सुरू होते.

सोमलच्या काळातला जन्म

३ ऑगस्ट १८३६ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, विंचेस्टर गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात ब्लॅक यांचा जन्म झाला. योगायोग बघा, त्याच वर्षी स्पूनर नावाच्या अमेरिकन डेंटिस्टनं दाताची नस मारण्यासाठी आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, वापरायची पद्धत छापून प्रसिद्ध केली. भूल द्यायची सोय नव्हती. १८३८ मध्ये मेनार्ड नावाच्या दुसऱ्या एका डेंटिस्टनं घड्याळाची स्प्रिंग घासून मुळातली नस ओढून काढायचं हत्यार बनवलं. तेव्हाचं रूट कॅनॉल होतं ते असं.

बाकी बहुतेक ठिकाणी दाताचं काम म्हणजे दात उपटणं. फिरते दात काढणारे गावोगाव हिंडायचे. हे काम शिकायचं म्हणजे कुणाच्या तरी हाताखाली काही महिने राहायचं आणि मग स्वतःचं दुकान टाकायचं.

लहानपणी ब्लॅक यांचं मन शाळेत रमलं नाही. त्यांचं एकूण शालेय शिक्षण जेमतेम २० महिन्यांचं होतं असं सांगतात. त्यांना आवड होती रानात भटकायची, झाडं आणि प्राणी बघत बसायची. सतराव्या वर्षी ते डॉक्टर असलेल्या थोरल्या भावाकडं राहायला गेले आणि तिथं वैद्यकाची पुस्तकं वाचायला लागले. १८५७ मध्ये माउंट स्टर्लिंग गावातल्या स्पीअर नावाच्या डेंटिस्टच्या हाताखाली त्यांनी थोडे महिने काम केलं. एवढ्या भांडवलावर त्यांनी विंचेस्टरमध्ये दवाखाना उघडला. वय होतं एकवीस.

मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. ब्लॅक उत्तरेच्या फौजेत शिरले, टेहळणीचं काम केलं, गुडघ्याला दुखापत होऊन दवाखान्यात पडले आणि सैन्यातून बाहेर आले. १८६४ मध्ये त्यांनी जॅक्सनव्हिल गावात नव्यानं बस्तान बसवलं. खरं शिक्षण इथं सुरू झालं. दिवसा पेशंट बघायचे आणि रात्री रसायनशास्त्र, सूक्ष्मदर्शक, धातूंचे प्रयोग. १८७० च्या सुमाराला त्यांनी पायानं चालवायचं, दोरीवर फिरणारं ड्रिल बनवलं. शिलाई मशीन पायानं चालवतात, साधारण तसंच.

काढलेले दात फेकायचे नाहीत, कापायचे

डेंटिस्टकडं काढलेल्या दातांचा ढीग साठतो. ब्लॅक यांना त्या ढिगात अभ्यासाचं साहित्य दिसलं. त्यांनी दात उभे कापले, आडवे कापले. आतली पोकळी कुठं रुंद, कुठं चिंचोळी, हे पाहिलं. दात मोजले. मुळाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

यातून तीन गोष्टी हाती आल्या. त्या क्रमानं बघितल्या तर आजचं रूट कॅनॉल समजतं.

पहिली गोष्ट जंतूंची. १८८४ मध्ये जंतू विष कसं तयार करतात यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. एका छोट्या गावातला दंतवैद्य इतक्या ताज्या विषयावर लिहीत होता. दात दुखतो तो नुसत्या भोकामुळं नाही, त्यात वाढणाऱ्या जिवांमुळं, हा विचार अजून अनेकांच्या गावीही नव्हता.

दुसरी गोष्ट मुळाभोवतीच्या पडद्याची. १८८७ मध्ये त्यांनी दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामधल्या पातळ थरावर पुस्तक काढलं. मूळ हाडात सिमेंटसारखं पक्कं केलेलं नसतं. असंख्य बारीक तंतूंनी ते हाडाला टांगलेलं असतं. म्हणून चावताना दात किंचित दबतो आणि जेवताना खडा आला तर आपल्याला लगेच कळतं. हा थर जिवंत असतो आणि त्याला रक्त बाहेरून, हाडाकडून आणि हिरडीकडून मिळतं.

ही गोष्ट रूट कॅनॉल करून घेणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी अशी आहे. नस काढली म्हणजे दात मेला, मग तो ठेवायचा कशाला, असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. तर नस काढल्यावर दात आतून रिकामा होतो, पण बाहेरून त्याला धरून ठेवणारा थर जिवंतच राहतो. म्हणून असा दात पुढं वर्षानुवर्षं चावायचं काम करतो.

तिसरी गोष्ट नकाशाची. १८९० मध्ये ब्लॅक यांचं मानवी दातांच्या शरीररचनेवरचं पुस्तक आलं. प्रत्येक दाताचं बाहेरून वर्णन, मग आतल्या पोकळीचं आणि मुळातल्या नळ्यांचं वर्णन, कापलेल्या दातांची चित्रं आणि मोजमापांचा तक्ता. वरच्या मधल्या पटाशीच्या दाताची सरासरी लांबी २२.५ मिलिमीटर. वरच्या सुळ्याची २६.५ मिलिमीटर.

चार मिलिमीटरचा फरक म्हणजे किरकोळ वाटेल. पण डेंटिस्ट नळीत फाइल घालतो तेव्हा टोकाच्या साधारण अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडं थांबायचं असतं. आधीच थांबलं तर खाली जंतू राहतात. पुढं गेलं तर फाइल हाडात घुसते. एक्स-रेचा शोध लागायला तेव्हा अजून पाच वर्षं होती. अंधारात चाचपडणाऱ्या माणसाला आत अंदाजे किती खोल जायचं आणि भोक नेमकं कुठं पाडायचं, हे सांगणारा तक्ता मिळणं किती मोठी गोष्ट होती, याचा विचार करा.

प्राध्यापक ब्लॅक

कॉलेजात ते गेले ते थेट शिकवायला. आधी सेंट लुईस, मग शिकागो, १८९०-९१ मध्ये आयोवा विद्यापीठ. १८९१ पासून शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या डेंटल स्कूलमध्ये. १८९७ मध्ये ते तिथले डीन झाले आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले.

तुमच्या आई-वडिलांच्या किंवा आजी-आजोबांच्या दाढेत चांदी भरलेली असेल. त्या मिश्रणातल्या धातूंचं नीट प्रमाण १८९० च्या दशकात ब्लॅक यांनी प्रयोग करून बसवलं. किडीची भोकं दाताच्या कुठल्या बाजूला आहेत त्यावरून त्यांनी केलेले वर्ग आजही डेंटल कॉलेजात शिकवतात. हत्यारांना आकड्यांत नावं द्यायची पद्धतही त्यांचीच. १९०८ मध्ये त्यांनी हे सगळं दोन खंडांच्या पुस्तकात मांडलं.

त्यांचं सगळंच बरोबर निघालं असं नाही. किडलेल्या भागाबरोबर आजूबाजूचा चांगला भागही कोरून काढायचा, म्हणजे पुन्हा कीड लागणार नाही, असा त्यांचा नियम होता. त्या काळच्या मसाल्यांचा विचार केला तर त्याला कारण होतं. पण या नियमापायी पुढची कित्येक दशकं चांगला दात विनाकारण कोरला गेला. दाताला चिकटणारे नवे मसाले आल्यावर आता शक्य तितकं कमी कोरायचं असं शिकवतात.

सत्तरी ओलांडल्यावर ते कोलोरॅडोत लोकांच्या दातांवर पडणारे तपकिरी डाग अभ्यासायला फ्रेडरिक मॅके या डेंटिस्टला मदत करत होते. हे डाग पाण्यातल्या फ्लोराइडमुळं पडतात हे १९३१ मध्ये, ब्लॅक गेल्यावर, सिद्ध झालं. आपल्याकडं यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत दिसतात ते हेच डाग.

एका भाषणानं लाखो दात गेले

ऑक्टोबर १९१० मध्ये विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये भाषण दिलं. वरून सोन्याच्या कॅप, सोन्याचे ब्रिज, आणि खाली सडलेली मुळं, त्यातून रक्तात पसरणारे जंतू. संधिवातापासून मानसिक आजारांपर्यंत अनेक दुखण्यांचं मूळ दातांच्या अशा कामात आहे, असा त्यांचा आरोप होता.

आरोपात तथ्य होतं. नळ्या साफ न करताच वरून सोनं चढवणारे डेंटिस्ट होतेच. पण त्यातून निघालेला निष्कर्ष भलताच होता. रूट कॅनॉल केलेला दात म्हणजे शरीरातला शत्रू, तो उपटा. पुढची दोन-तीन दशकं, कुठलाही आजार असो, आधी दात काढायची लाटच आली. किती चांगले दात गेले याची मोजदाद नाही.

ब्लॅक तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. विद्यार्थ्यांना ते कायम सांगत आले होते की दंतवैद्यानं नुसता कारागीर होऊन चालणार नाही, दाताभोवतीचा रोग त्याला कळला पाहिजे आणि त्यानं आयुष्यभर शिकत राहिलं पाहिजे. त्यांचं शेवटचं मोठं पुस्तक १९१५ मध्ये आलं. विषय होता मुळाभोवतीचा भाग आणि पल्प यांचे रोग आणि उपचार. म्हणजे हंटर ज्या जागेकडं बोट दाखवत होते, नेमकी तीच जागा. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला ब्लॅक यांचा मृत्यू झाला. १९१८ मध्ये शिकागोच्या लिंकन पार्कमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला.

नकाशा अपुरा होता

ब्लॅक गेल्यावर दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकच्या वॉल्टर हेस यांनी एक भन्नाट काम प्रसिद्ध केलं. त्यांनी सुमारे २८०० काढलेल्या दातांच्या नळ्यांमध्ये रबर भरलं, ते कडक केलं आणि मग दात आम्लात विरघळवून टाकला. हातात राहिला नुसत्या पोकळीचा साचा.

कापलेल्या दाताच्या चित्रात सरळ दिसणारी नळी त्या साच्यात झाडाच्या मुळीसारखी दिसली. मध्येच फुटणारी, पुन्हा जुळणारी, टोकाशी बारीक फाटे काढणारी. तीन मुळं म्हणजे तीन नळ्या हा सोपा हिशेब मोडला. वरच्या पहिल्या दाढेत तर निम्म्याहून जास्त वेळा चौथी नळी निघाली. गालाकडच्या पुढच्या मुळात लपलेल्या या नळीला डेंटिस्ट एमबी टू म्हणतात. सुरुवातीला सांगितलेली, राहून जाणारी नळी बऱ्याचदा हीच असते.

म्हणजे हंटर यांना दिसलेली सडलेली मुळं खरी होती, पण दोष रूट कॅनॉलच्या कल्पनेचा नव्हता. नळ्या अर्धवट साफ होत होत्या. काही निष्काळजीपणामुळं आणि काही, तिथं नळी आहे हे कुणाला माहीतच नसल्यामुळं. उपाय दात उपटणं नव्हता. नकाशा पुरा करणं हा होता. अमेरिकेत लुई ग्रॉसमन यांच्यासारख्या लोकांनी १९४० नंतर ही बाजू लावून धरली आणि रूट कॅनॉलला पुन्हा मान मिळाला. १९८४ मध्ये व्हर्टुची यांनी मुळातल्या नळ्यांच्या रचनेचे आठ प्रकार मांडले. आज एमडी नव्हे, तर एमडीएसच्या विद्यार्थ्यांना ते पाठच असतात.

हे सगळं पुण्यात कसं आलं?

ब्लॅक यांनी एक वर्ष शिकवलं त्या आयोवा विद्यापीठातून १९१५ मध्ये, म्हणजे ब्लॅक गेले त्याच वर्षी, ढाक्याजवळचा एक तरुण दंतवैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडला. त्याचं नाव रफिउद्दीन अहमद. १९२० मध्ये त्यांनी कलकत्त्यात भारतातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं, तेही सोडा फाउंटनच्या धंद्यातून पैसा उभा करून. १९३३ मध्ये मुंबईत आजचं नायर डेंटल कॉलेज सुरू झालं. पुण्यात भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज १९८९ चं. मग आझम कॅम्पस, पिंपरी, वडगाव इथंही कॉलेजं आली.

यातल्या कुठल्याही कॉलेजात पहिल्या वर्षाला जा. मुलं मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरत बसलेली दिसतील, मुळासकट, हातात पट्टी घेऊन. मिलिमीटर चुकला की पुन्हा कोरा. पुढं जिवंत पेशंटला हात लावण्याआधी ती काढलेल्या दातांवर रूट कॅनॉलचा सराव करतात. दात मोजा, कापा, आत बघा, ही ब्लॅक यांची सवय अशी अजून चालू आहे.

साधनं मात्र बदलली. विजेच्या साहाय्यानं मुळाचं टोक कुठं आहे हे सांगणारं अपेक्स लोकेटर आहे. नळीचं तोंड मोठं करून दाखवणारा मायक्रोस्कोप आहे. गरज पडली तर दाताचा त्रिमितीय स्कॅन निघतो. ब्लॅक यांचा तक्ता सरासरी सांगायचा, ही यंत्रं तुमच्याच दाताचं सांगतात. तरीही नळी शोधायला कुठं बघायचं हे डॉक्टरांना आधी माहीत असावं लागतं.

म्हणून पुढच्या वेळी रूट कॅनॉल सांगितलं तर घाबरून दात काढून टाकायची घाई करू नका. या दाताला मुळं किती, नळ्या किती सापडल्या, भरून झाल्यावर एक्स-रे कधी काढणार, हे मोकळेपणानं विचारा. आणि उत्तरात वरच्या दाढेला चार नळ्या आहेत असं ऐकलं, तर डॉक्टर तुम्हाला फसवत नाहीयेत, एवढं नक्की.